आईला घेऊन पोर्तुगाल: चढ, ऊन आणि तीन मुक्काम

वसईच्या किल्ल्यात चिमाजी अप्पांची पोर्तुगीजांवरची १७३९ची मोहीम शिकवायला आई दरवर्षी एक वर्ग घेऊन जायची. तीसेक वर्षं तिने ती गोष्ट सांगितली. निवृत्त झाल्यावर एक दिवस म्हणाली, "हे लोक एवढ्या लांबून आले तरी कुठून, ते एकदा बघायचंय." म्हणून आम्ही पोर्तुगालला गेलो. आई अडुसष्ट वर्षांची, गुडघे दुखणारी, अंडं चालणारी पण मांस-मासे न खाणारी. नवरा पट्टीचा मासेखाऊ. मी तिकिटं आणि औषधं सांभाळणारी.

या देशाविषयी जे वाचायला मिळतं ते बहुतेक पाठीवर बॅग टाकून निघालेल्या तरुणांसाठी असतं. आईवडिलांना घेऊन जाणाऱ्याला वेगळ्याच गोष्टी लागतात. जिना किती, लिफ्ट कुठे, शाकाहारी काय, बसायला जागा आहे का. तेच इथे सविस्तर लिहिते.

आधी सर्वांत महत्त्वाचं. पहिल्या आराखड्यात मी चौदा दिवसांत आठ गावं कोंबली होती. ती खोडून तीन ठेवली: लिस्बन, पोर्तो आणि दक्षिणेला आल्गार्व्ह किनाऱ्यावरचं एक गाव. देश उत्तर-दक्षिण साधारण साडेपाचशे किलोमीटर लांब, रेल्वे चांगली, त्यामुळे बाकीची ठिकाणं या तिन्हींहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्यासारखी आहेत. बॅगा जितक्या कमी वेळा उचलाल तितकी सहल सुखाची होईल, कारण इथल्या रस्त्यांवर बॅग ओढणं हे एक स्वतंत्र काम आहे.

कधी जावं

मे ते जूनचा मध्य, किंवा सप्टेंबर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. जुलै-ऑगस्टमध्ये आतल्या भागात, म्हणजे एव्होरा किंवा डोरू नदीच्या खोऱ्यात, पारा चाळीसपर्यंत जातो, वणवे लागतात आणि किनाऱ्यावर अख्खा युरोप येऊन बसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पावसाचे. पोर्तोत पाऊस जास्त, आणि जुन्या घरांत हीटर नसल्यामुळे ओल हाडांत शिरते. आल्गार्व्हला मात्र वर्षाचे तीनशेच्या आसपास दिवस ऊन असतं असं सांगतात, त्यामुळे फक्त दक्षिणेला जायचं असेल तर मार्चही चालेल.

इथलं ऊन आपल्याला फसवतं. वारा गार असतो, घाम येत नाही, म्हणून आपण टोपी घालत नाही आणि संध्याकाळी चेहरा भाजलेला दिसतो. उन्हाळ्यात दुपारनंतर उत्तरेचा वारा सुटतो, त्याला तिथे 'नॉर्तादा' म्हणतात. टोपी आणि एक हलकं जाकीट, दोन्ही एकाच पिशवीत ठेवा. जूनमध्ये लिस्बनला सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, तेव्हा दुपारी दोन तास सरळ खोलीवर येऊन झोपलात तरी दिवस उरतो. आम्ही सप्टेंबरच्या शेवटी गेलो होतो, तरीही, पोर्तो वगळता, दुपारची झोप सोडली नाही.

उन्हाळ्यात आपलं घड्याळ त्यांच्या साडेचार तास पुढे, हिवाळ्यात साडेपाच. घरी फोन करायचा असेल तर त्यांच्या दुपारी करावा.

व्हिसा

पोर्तुगाल शेंगेन गटात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत आहे. अर्ज व्हीएफएस ग्लोबलच्या केंद्रातून जातो. सहलीत दोन-तीन देश असतील तर ज्या देशात जास्त रात्री, त्याच्याकडे अर्ज करायचा. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार त्याच्याकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. तुम्ही मात्र उन्हाळ्यासाठी तीन महिने आधी अपॉइंटमेंट शोधायला लागा. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, शंका आल्यास पंचेचाळीसपर्यंत.

मोठ्यांची फी ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांची ४५, त्याखालच्यांना माफ. केंद्राचा सेवाशुल्क वेगळा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. ज्येष्ठांसाठी विमा घेताना आधीच्या आजारांचा कलम नीट वाचा, कारण स्वस्त पॉलिसीत रक्तदाब-मधुमेहाशी जोडलेलं काहीच भरून मिळत नाही. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला, परतीनंतर तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला हवा.

कागदांमध्ये बँकेचे उतारे, आयकर विवरण, नोकरदाराचं रजेचं पत्र, विमान आणि राहण्याचं आरक्षण हे तर आलंच. आईसारख्या निवृत्त माणसासाठी पेन्शनचे कागद लावा. खर्च तुम्ही करणार असाल तर तसं पत्र आणि नात्याचा पुरावा जोडा. सोबतच्या पत्रात रोजचा कार्यक्रम तारखेनिशी लिहा आणि तो हॉटेलच्या तारखांशी जुळतोय ना, हे दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. माझी एक रात्र दोन गावांत पडली होती. नवऱ्याने आदल्या दिवशी पकडली.

विमान आणि पहिला तास

भारतातून थेट विमानाची वाट बघू नका. दुबई, इस्तंबूल, किंवा पॅरिस-फ्रँकफर्टसारख्या ठिकाणी बदलून जावं लागतं. यात एक फरक लक्षात ठेवा. फ्रँकफर्ट किंवा पॅरिसमार्गे गेलात तर इमिग्रेशन तिथेच होतं, म्हणून मधला वेळ अडीच-तीन तासांहून कमी नको. दुबई-इस्तंबूलमार्गे गेलात तर ती रांग लिस्बनला लागते. १२ ऑक्टोबर २०२५पासून शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी नवी नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, त्यामुळे लिस्बनची रांग लांबू शकते. आईवडिलांसाठी विमान कंपनीकडे व्हीलचेअर आधीच नोंदवा. त्यात कमीपणा काही नाही, आणि पहिल्याच दिवशी गुडघे संपत नाहीत. लंडनमार्गे स्वस्त तिकीट दिसलं तर ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा लागतोय का ते पैसे भरण्याआधी बघा.

लिस्बनच्या विमानतळातूनच मेट्रोची लाल लाइन सुटते. तिथल्या मशीनवर 'नाव्हेगांत' नावाचं कार्ड पन्नास सेंटला मिळतं. माणशी एक घ्यावं लागतं, एका कार्डावर दोघं जाता येत नाही. त्यात 'झॅपिंग' या प्रकाराने पंधरा-वीस युरो भरून ठेवा. मेट्रो, ट्राम, बस, सिंत्रा आणि काश्काइशच्या लोकल, सगळीकडे चालतं आणि सुट्या तिकिटापेक्षा स्वस्त पडतं. रात्री उतरत असाल, सामान जास्त असेल तर सरळ उबर किंवा बोल्ट बोलवा.

घर घेताना विचारायचा एक प्रश्न

"एलेव्हादोर आहे का?" एलेव्हादोर म्हणजे लिफ्ट. जुन्या वस्तीतली घरं फोटोत देखणी दिसतात, खिडकीतून नदी दिसते, आणि वर जायला अरुंद लाकडी जिना असतो. पत्त्यात 'आर/सी' लिहिलं असेल तर तळमजला. '१' म्हणजे आपला पहिला मजलाच, पण इमारत उतारावर असली तर रस्त्यापासून तो दुसऱ्यासारखाही निघू शकतो. पत्त्याच्या शेवटी 'ईएसक्यू' म्हणजे डावं दार, 'डीटीओ' म्हणजे उजवं.

पोर्तोत आम्ही हे विचारलं नाही. जाहिरातीत 'मध्यवर्ती, सोयीस्कर' असं होतं. प्रत्यक्षात चौसष्ट पायऱ्या निघाल्या, आईने मोजल्या. घरमालक तक्रार ऐकून घेत होता पण करणार काय. चार दिवस आई सकाळी एकदा उतरायची आणि संध्याकाळी एकदाच चढायची, दुपारची झोप गेली ती गेलीच. लिस्बनमध्ये बायशा, आव्हेनिदा किंवा साल्दान्या भागात सपाटीवर, मेट्रोजवळ राहा. चढावरची जुनी आल्फामा वस्ती बघायला सुंदर आहे, ज्येष्ठांना घेऊन राहायला नाही. लिस्बनला माणशी रात्रीला चार युरो आणि पोर्तोला तीन युरो पर्यटन कर वेगळा भरावा लागतो, जास्तीत जास्त सात रात्रींचा. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना तो नाही.

लिस्बनचे चढ कसे टाळायचे

लिस्बन सात टेकड्यांवर वसलंय असं म्हणतात. १७५५च्या १ नोव्हेंबरला झालेल्या भूकंपात, त्यामागच्या लाटांत आणि आगीत मधली सखल वस्ती नष्ट झाली. ती राजाचा मंत्री मार्की द पोंबालने काटकोनात आखून पुन्हा बांधली. तीच आजची बायशा, आणि म्हणूनच शहरात तेवढाच भाग सपाट. बाकी सगळं चढ-उतार, आणि फुटपाथांवर 'काल्सादा', म्हणजे हाताने बसवलेले बोटभर उंचीचे पांढरे-काळे चुनखडीचे चौकोनी दगड. शतकभर पावलांनी घासून ते तुळतुळीत झालेत. कोरडे असतानाही चपलेचा तळ सरकतो, पाऊस पडला की साबण ओतल्यासारखे होतात. आई पहिल्या संध्याकाळी कोल्हापुरी घालून निघाली आणि वीस पावलांत माझा दंड घट्ट धरून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी रबरी, खाचांच्या तळाचे बूट आले आणि प्रवास सुरळीत झाला. तळ नवा, खरखरीत हवा. घासलेले जुने स्पोर्ट्स शूज नेऊ नका.

आता चढ वाचवण्याच्या जागा, ज्या मी नकाशावर खुणा करून ठेवल्या होत्या.

लिस्बनच्या किल्ल्यावर जायचं असेल तर बायशातल्या रुआ दुश फांकैरुश या रस्त्यावरच्या एका इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे, फुकट. ती एका रस्त्याच्या पातळीवर सोडते. तिथून जरा पुढे शाँव दु लोरैरू या ठिकाणी दुसरी लिफ्ट आणखी वर नेते. त्यानंतरचा चढ थोडा उरतो. तोही नको असेल तर प्रासा दा फिगैराहून ७३७ नंबरची छोटी बस किल्ल्याच्या दारापर्यंत जाते. बायशातून वरच्या शियादू भागात जायला बायशा-शियादू मेट्रो स्टेशनचे सरकते जिने वापरा. तिकिटाच्या फाटकांच्या अलीकडून ते एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेतात, म्हणजे मेट्रोत न बसता टेकडी चढून होते. सांता जुश्ता लिफ्टच्या लांब रांगेत उभं राहण्यापेक्षा हे कितीतरी बरं. ग्लोरिया फ्युनिक्युलरचा, म्हणजे तारेने ओढून चढ चढवणाऱ्या डब्याचा, सप्टेंबर २०२५मध्ये मोठा अपघात होऊन सोळा माणसं गेली. त्यामुळे फ्युनिक्युलर धरून कार्यक्रम आखू नका.

२८ नंबरची पिवळी ट्राम सगळ्यांनाच हवी असते. मार्टिम मोनिशला सकाळी आठच्या आत पोचलात तर बसायला जागा मिळेल. दहानंतर तीत गर्दी असते आणि पाकीटमारही. ज्येष्ठ माणसाला उभं राहून तो खडखडाट सोसवत नाही. नुसती ट्रामची हौस असेल तर छोटा फेरा मारणारी १२ नंबरची घ्या.

बेलें या नदीकाठच्या भागात १५ नंबरची लांब ट्राम जाते. जेरोनिमुश मठात वास्को द गामाची समाधी आहे, आत शिरताच डाव्या हाताला. तो १४९८च्या मे महिन्यात कालिकतला पोचला, हे आपण शाळेत घोकलेलं असतं. दगडात कोरलेला माणूस हात जोडून पडलेला बघताना आई बराच वेळ काही बोलली नाही. बाहेर नदीकाठी समुद्रमार्ग शोधणाऱ्यांच्या स्मारकासमोरच्या फरशीवर जगाचा मोठा नकाशा आहे. त्यावर भारत शोधा, मुलांना तर नक्की शोधायला लावा. जवळच्या चौकात आफोन्सु द आल्बुकेर्कचा पुतळा आहे, ज्याने १५१०मध्ये गोवा घेतला. गोवामुक्तीची १९ डिसेंबर १९६१ ही तारीख आपल्याकडे प्रत्येकाला ठाऊक असते. इथे उभं राहून त्या गोष्टीचं दुसरं टोक दिसतं, आणि ते गौरवाच्या सुरात दिसतं. वसईचा, चौलचा, गोव्याचा माणूस ते आपल्या डोळ्यांनी वाचेल. सोमवारी ही बहुतेक स्मारकं आणि संग्रहालयं बंद असतात. तो दिवस राजवाड्यांच्या सिंत्रा गावाला ठेवा.

सिंत्राची लोकल रोसिऊ स्टेशनातून चाळीसेक मिनिटांत पोचवते. पेना राजवाड्याच्या आतल्या तिकिटावर वेळ छापलेली असते आणि ती पाळतात. बागेच्या फाटकापासून राजवाड्यापर्यंतच चढाचा अर्धा तास धरा. सकाळचं पहिलं तिकीट काढा, स्टेशनबाहेरून ४३४ नंबरची बस पकडा. एका दिवसात एकच राजवाडा. दुसरा बघायचा मोह आवरून काबु दा रोकाला, म्हणजे युरोपच्या मुख्य भूमीच्या पश्चिम टोकाला, बसने गेलात तर संध्याकाळ सार्थकी लागेल. तिथला वारा मात्र कानटोपीचा आहे.

रेल्वे

लिस्बन ते पोर्तो 'आल्फा पेंदुलार' गाडी साधारण तीन तासांत नेते. साधारण दोन महिने आधी आरक्षण उघडतं, लवकर काढलेलं तिकीट खूपच स्वस्त पडतं. पासष्ट पूर्ण झालेल्या कुणालाही, परदेशी असला तरी, अर्धं तिकीट. पासपोर्ट जवळ ठेवावा लागतो. आईचं तिकीट अर्ध्यात आल्यावर तिने ते पर्समध्ये जपून ठेवलं. गाडी लिस्बनच्या सांता आपोलोनिया किंवा ओरिएंत या स्टेशनांत मिळते. ओरिएंतला मेट्रो आणि लिफ्ट दोन्ही आहेत. संप वारंवार होतात. त्याला 'ग्रेव्ह' म्हणतात. आदल्या दिवशी बातमी बघा, आणि पर्याय म्हणून रेदे एश्प्रेसुश या बससेवेचं ॲप फोनवर असू द्या.

वाटेत कोइंब्रा लागतं. १२९०मध्ये स्थापन झालेलं विद्यापीठ टेकडीवर आहे, म्हणजे पुन्हा चढ. आम्ही सोडलं.

पोर्तोत सांव बेंतू स्टेशन बघण्यासाठीच उतरा. भिंतींवर वीसेक हजार निळ्या-पांढऱ्या फरश्यांची चित्रं आहेत. इथे 'आंदांत' नावाचं वेगळं कार्ड लागतं आणि मेट्रोत फाटक नसल्यामुळे ते खांबावरच्या यंत्राला स्वतःहून लावायचं असतं. विसरलात तर दंड. १८८६च्या दों लुईश पुलाच्या वरच्या मजल्यावरून मेट्रो आणि माणसं जातात. पायी जा, पलीकडे गाया गावाच्या बाजूला केबल कारने खाली नदीवर उतरा. एक अख्खा दिवस डोरू नदीच्या रेल्वेला द्या. पिन्यांव गावापर्यंत अडीच तासांच्या आसपास. पोर्तोहून जाताना उजव्या हाताला बसा, नदी त्या बाजूला आहे. डोंगरांच्या उतारावर दगडी बांध घालून लावलेले द्राक्षमळे बघून आई म्हणाली, "आपल्याकडे वरकस जमिनीला असेच बांध घालतात." त्या दिवशी कुणाचेही पाय दुखले नाहीत.

समुद्र गार आहे

हे लिहून ठेवा, कारण आपण कोकणचा समुद्र डोक्यात घेऊन जातो. लिस्बनजवळ पाणी ऐन उन्हाळ्यातही साधारण सतरा ते वीस अंश. आल्गार्व्हला उन्हाळ्याच्या अखेरीस एकवीस-बावीसपर्यंत. पाय टाकला की झिणझिण्या येतात. म्हणून पोहायचं असेल तर दक्षिणेला, आणि तेही पूर्वेकडचा ताव्हिरा भाग, जिथे वाळूची बेटं आहेत आणि पाणी थोडं उबदार. लागुश गावाकडे सोनेरी कडे, कमानी, गुहा आहेत, फोटो तिथलेच असतात. पण खाली पुळणीवर उतरायला लाकडी जिने आहेत आणि ते खोल आहेत. ज्येष्ठ सोबत असतील तर माझं मत ताव्हिराला. गाव सपाट, नदीवर जुना पूल, बेटावर जायला बोट.

किनाऱ्यावरचे झेंडे पाळा. हिरवा: पोहा. पिवळा: पाण्यात उभं राहा, पोहू नका. लाल: पाण्यात पाऊल नाही. निळ्या-पांढऱ्या चौकटींचा: जीवरक्षक सध्या जागेवर नाही. हंगाम संपला की जीवरक्षक नसतात. लाट येते साधी पण परतताना ओढते. कड्याच्या सावलीत चटई टाकू नका. २००९च्या ऑगस्टमध्ये आल्बुफैराजवळच्या मारिया लुइझा पुळणीवर कडा कोसळून पाच जण दगावले. कड्याच्या उंचीच्या दीडपट अंतर सोडून बसायचं, असा तिथला ठोकताळा आहे. बेनाजिलच्या गुहेत पोहत जायला आणि आतल्या वाळूवर उतरायला आता बंदी आहे, बोटीतूनच बघावी लागते.

लिस्बनहून आल्गार्व्हमधल्या फारूला रेल्वेने तीन तास. गाडी भाड्याने घ्यायची असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच आरटीओतून काढून न्या. तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात.

जेवण, म्हणजे पाव

टेबलावर बसलात की न मागता पाव, ऑलिव्ह, लोणी, कधी चीज येतं. ते फुकट नाही. त्याला 'कुव्हेर्त' म्हणतात. हात लावला तर पैसे, नाही लावला तर नाहीत. नको असेल तर हसून "नाँव, ओब्रिगादा" म्हणा, परत नेतात, कुणाला राग येत नाही. पुरुषाने 'ओब्रिगादू' म्हणायचं, बाईने 'ओब्रिगादा'.

पहिल्या रात्री वेटरने टोपली ठेवून "पाँव" म्हटलं आणि आईने मान वर केली. तो अनुनासिक उच्चार आपल्या पावाला फक्त नाकात म्हटल्यासारखा. मग तिने मेनूकार्ड शाळेच्या वहीसारखं तपासायला घेतलं. बटाटा 'बताता'. कोबीच्या जातीची भाजी 'कोव्ह'. अननस 'आनानाश'. पपई 'पापाया'. टेबल 'मेझा'. खोलीची चावी 'शाव्ह'. नाताळ 'नाताल'. चहासुद्धा 'शा' आहे. यातले बहुतेक शब्द आपल्याकडे साडेचारशे वर्षांपूर्वी आले आणि घरचे होऊन गेले. रेवदंड्याजवळच्या कोर्लईत तर आजही पोर्तुगीजमधून झालेली बोली घराघरांत बोलतात. भाषेची भीती बाळगू नका. शब्दाच्या शेवटचा 'स' ते 'श' म्हणतात, म्हणून घोषणेत 'काश्काइश', 'लागुश' ऐकू येईल. स्पॅनिशमध्ये बोलायचा प्रयत्न मात्र करू नका, त्यांना ते आवडत नाही.

शाकाहाऱ्यांनी पाठ करायचं वाक्य: "सेम कार्न, सेम पैश." मांस नको, मासा नको. दोन्ही सांगावं लागतं. 'काल्दु व्हेर्द' हे हिरव्या पाल्याचं सूप शाकाहारी वाटतं, पण त्यात सॉसेजची चकती असते. 'तोश्ता मिश्ता' टोस्टमध्ये हॅम असतं, म्हणून 'तोश्ता द कैजू' म्हणजे चीजचा टोस्ट मागा. 'सोपा द लेगुमिश' हे भाज्यांचं सूप बहुधा चालतं, तरी विचारा. 'पैशीन्युश दा ओर्ता' या नावात मासा आहे, प्रत्यक्षात त्या फरसबीच्या भजी. आईचा आवडता पदार्थ तोच झाला. 'आरोश दोस' म्हणजे दालचिनी भुरभुरवलेली तांदळाची खीर, बऱ्याचदा अंड्याची. पाश्तेल द नाता या प्रसिद्ध गोड वाटीत अंडं असतंच. बेलेंमधल्या १८३७पासूनच्या दुकानात ती खा, पण बाहेरच्या रांगेत उभं न राहता आत जाऊन बसा, आत खोल्याच खोल्या आहेत. कॅफेत 'शामूसा' दिसेल, तो आपला समोसाच, पण बहुधा खिम्याचा.

मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. भाजलेल्या सार्डिन उन्हाळ्यात सर्वांत चांगल्या, आणि १२ जूनच्या रात्री सांतु आंतोनियूच्या सणाला आल्फामाच्या गल्ल्यांत त्यांचा धूर कोंदतो. पोर्तोत तसा सण २३ जूनच्या रात्री. दुपारी 'प्रातु दु दिया' म्हणजे आजची थाळी, साधारण दहा-बारा युरोंत. 'मैया दोज' म्हणजे अर्धं माप, आपल्या एकाला पुरतं. रात्रीची जेवणं साडेसात-आठच्या आधी सुरू होत नाहीत. औषधाच्या वेळा पाळणाऱ्यांसाठी संध्याकाळी सहाला काहीतरी पोटात घाला.

आम्ही दोन दिवसांआड खोलीवरच भात केला. सुपरमार्केटमध्ये डबाबंद 'ग्रांव द बीकू' म्हणजे छोले, 'फैजांव फ्राद' म्हणजे चवळी, साधं दही, तांदूळ मिळतात. कोथिंबीर, 'कोएंत्रुश', दक्षिणेतल्या स्वयंपाकात इतकी वापरतात की तिची ताजी जुडी सर्वत्र असते. तूरडाळ, मसाले, कणीक हवी तर मार्टिम मोनिशच्या आसपासच्या भारतीय-बांगलादेशी दुकानांत. लुमियार भागात राधाकृष्ण मंदिर आहे, तिथल्या भोजनालयात शाकाहारी ताट मिळतं. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्या विकत घेऊ नका.

पैसे आणि इतर

'एमबी' अक्षरं असलेल्या मुल्तिबांकू एटीएममधूनच पैसे काढा. पर्यटकांच्या गल्लीत उभी असलेली खासगी एटीएम दर वाईट लावतात. यंत्राने "रुपयांत दाखवू का?" विचारलं की नाही म्हणा, युरोतच ठेवा. लहान खानावळींत परदेशी कार्ड चालत नाही, पन्नासेक युरो रोख असू द्या. दुकानात पैसे देताना गल्ल्यावरची बाई "कोंत्रिबुइंत?" विचारेल. ती तुमचा तिथला कर-क्रमांक विचारतेय. "नाँव" म्हणा, झालं. टीप सक्तीची नाही. जेवण आवडलं तर थोडे युरो ठेवा.

तातडीचा क्रमांक ११२. औषधाचं दुकान हिरव्या क्रॉसवर ओळखा. आईचं कॅल्शियम संपलं तेव्हा दुकानातल्या मुलीने इंग्रजीत नीट समजावून दिलं. नेहमीची औषधं पूर्ण दिवसांची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत न्या. आपली तीन पिनांची प्लग तिथे चालत नाही, गोल दोन पिनांचा ॲडाप्टर घ्या.

परतताना

लिस्बनला मंगळवारी आणि शनिवारी सांता क्लारा मैदानात जुना बाजार भरतो. तिथे जुन्या निळ्या फरश्या सुट्या विकायला असतात. त्यातल्या काही कुणाच्या तरी भिंतीवरून उपटलेल्या असतात, म्हणून नवीन, कारागिराने रंगवलेली घ्या. ऑलिव्ह तेल आणि सार्डिनचे डबे चेक-इन सामानात. कॉर्कची पर्स हलकी, धुता येणारी, भेट द्यायला चांगली. मोठी खरेदी केली असेल तर दुकानातूनच करपरतीची पावती मागा आणि विमानतळावरच्या यंत्रावर सामान सोडायच्या आधी ती नोंदवा.

विमानतळावर तीन तास आधी पोचा. दुकानांच्या झगमगाटात थांबून राहू नका, कारण शेंगेनबाहेरच्या विमानांसाठी पासपोर्टची रांग त्या दुकानांच्या पुढे असते आणि ती दिसत नाही. आम्ही पावणेतीन तास आधी गेलो होतो, तरी गेटवर पोचलो तेव्हा लोक विमानात चढायला लागले होते. व्हीलचेअर ढकलणाऱ्या मुलाने आईला विचारलं, कुठून आलात? ती म्हणाली, "बासैं." पोर्तुगीज नकाशांवरचं वसईचं जुनं नाव. त्याला ते कळलं नाही, पण दारापर्यंत पोचेस्तोवर आईने त्याला १७३९ची मोहीम सांगायला घेतली होती.